‘बाकी तब्येत उत्तम’ म्हणण्याआधी

‘बाकी तब्येत उत्तम आहे, फक्त काही आठवत नाही.’ डिमेन्शिया झालेल्या आईची किंवा वडिलांची विचारपूस केली, की घराघरांतून हेच उत्तर येते. रक्तदाब ठीक, साखर ताब्यात, हृदय मजबूत. बिघाड काय तो डोक्यात. आजाराच्या पहिल्या काही वर्षांत हे उत्तर बऱ्याच अंशी खरेही असते. तेव्हा वडील रोज फेरफटका मारतात, दोन पोळ्या खातात आणि घरचा रस्ता तेवढा चुकतात. पण आजार शेवटच्या टप्प्यात पोचला तरी कुटुंब तेच उत्तर देत राहते, आणि त्या टप्प्यात त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. माझे म्हणणे असे, की प्रगत डिमेन्शिया हा सबंध शरीराचा आजार आहे, तो मृत्यूकडे नेतो, आणि त्याच्या शारीरिक खुणा घरातल्या माणसांना रोजच्या सेवेत ओळखता येतात. त्या न ओळखल्यामुळे एकाच माणसावर दोन परस्परविरुद्ध अन्याय होतात. जे दुखणे साध्या गोळीने थांबले असते ते महिनोन्महिने सोसावे लागते. आणि जे थांबणारच नसते ते थांबवण्याच्या खटाटोपात शेवटचे दिवस सुया, नळ्या आणि बांधलेले हात यांत जातात.

मेंदूचे काम आठवणी जपण्यापुरते नाही. चावलेला घास जिभेने मागे ढकलणे, त्याच क्षणी श्वासनलिकेचे तोंड मिटवणे, बसताना पाठ ताठ ठेवणे, लघवी लागल्याचे जाणवणे, झोपेत कूस बदलणे, ही सगळी कामे तोच करतो. पेशी मरण्याची प्रक्रिया नाव-गाव विसरायला लावून तिथे थांबत नाही. अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकाराच्या इतिहासातली पहिली रुग्णच पाहा. ऑगस्टे डेटर ही पन्नाशी नुकतीच ओलांडलेली स्त्री १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली. तिथले डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी तिला विचारलेले प्रश्न आणि तिची चुकलेली उत्तरे आज सर्वांना माहीत आहेत. ती एप्रिल १९०६ मध्ये गेली कशाने, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. पडून राहिल्याने झालेल्या जखमांतून जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि ती गेली. शेवटच्या काळात ती पाय पोटाशी घेऊन निपचित पडलेली असे, हेही अल्झायमर यांनी १९०७ साली छापून आलेल्या टिपणात नोंदवले आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ बॅरी रीसबर्ग यांनी या आजाराच्या पायऱ्यांची जी मोजपट्टी तयार केली, तिच्या सातव्या आणि शेवटच्या पायरीत तर आठवणीचा उल्लेखच उरत नाही. बोलणे पाच-सहा शब्दांवर येते, मग एका शब्दावर. मग चालणे जाते, आधाराशिवाय बसणे जाते, हसणे जाते आणि अखेरीस मान सावरणेही जाते. हा सगळा शरीराचा हिशेब आहे.

यावर पुरावा मागणाऱ्यांनी सुझन मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला अभ्यास पाहावा. बोस्टन परिसरातल्या २२ शुश्रूषागृहांतल्या प्रगत डिमेन्शियाच्या ३२३ रुग्णांवर त्यांनी अठरा महिने लक्ष ठेवले. तेवढ्या काळात ५४.८ टक्के रुग्ण दगावले. खाण्यापिण्याची अडचण ८५.८ टक्के रुग्णांना आली, तापाचा निदान एक झटका ५२.६ टक्क्यांना आणि न्यूमोनिया ४१.१ टक्क्यांना. यांपैकी बहुतेकांचा मृत्यू हृदयविकाराच्या झटक्यासारख्या अचानक उद्भवलेल्या वेगळ्या आजाराने झालेला नव्हता. डिमेन्शियाच त्यांना घेऊन गेला होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ साली मृत्यूच्या कारणांत डिमेन्शिया आणि अल्झायमर पहिल्या क्रमांकावर होते. आपल्याकडे दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहिले जाते आणि आजाराचे नावही येत नाही. साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे डिमेन्शियाग्रस्त असावीत, असा अंदाज देशव्यापी पाहणीतून २०२३ मध्ये मांडला गेला. एवढ्या घरांना हा आजार शेवटी कुठे पोचतो हे कुणी नीट सांगितलेलेच नाही. बोस्टनचे आकडे आपल्या घरांना जसेच्या तसे लागू होणार नाहीत, हे मान्य. आपल्याकडे रुग्ण घरी असतो आणि भरवणारे हातही घरचे असतात. पण गिळण्याचे स्नायू कोणत्या क्रमाने थकतात, हे देशावर अवलंबून नसते.

‘उत्तम तब्येत’ म्हणणाऱ्यांच्या जोडीला दुसरा एक पक्ष आहे. तो म्हणतो, ‘आता वयच झालं, असं चालायचंच.’ वरवर पाहता हे पहिल्याच्या उलट वाटते, पण परिणाम एकच: कुणी जवळ जाऊन नीट पाहत नाही. पाहिले तर दिसते. सुरुवात ताटापासून होते. घास तोंडात जातो आणि तिथेच फिरत राहतो. जेवण होऊन तासभर उलटल्यावर तोंड पुसायला गेले, तर गालाच्या आत पोळीचा भिजलेला गोळा सापडतो. पाण्याच्या घोटाला ठसका लागतो, पेजेला मात्र लागत नाही. घरचे समजतात पाण्याचा कंटाळा आलाय. खरे तर पातळ पदार्थ घशातून झपकन उतरतो आणि थकलेल्या स्नायूंना श्वासनलिका वेळेवर मिटता येत नाही. चहा घेतल्यावर आवाज ओलसर, घोगरा होतो. काहींना तर ठसकाही लागत नाही, अन्नाचा अंश गुपचूप फुप्फुसात उतरतो आणि दोन दिवसांनी ताप येतो. मग बांगडी कोपराकडे सरकू लागते, ब्लाउज खांद्यावरून उतरतो, कवळी बसेनाशी होते. उभे राहता न येणाऱ्या माणसाला वजनकाट्यावर कसे घ्यायचे, असे विचारले जाते. शिवणकामाची टेप पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती धरावी आणि महिन्यातून एकदा आकडा लिहून ठेवावा. पोषण तपासण्याच्या जगभर वापरात असलेल्या एका पाहणीत ३१ सेंटीमीटरपेक्षा कमी घेर धोक्याचा धरतात. एकाच मोजमापावरून काही ठरत नाही, पण सहा महिन्यांचे आकडे ओळीने मांडले की ‘जरा अशक्तपणा आलाय’ या वाक्यामागे काय आहे ते कळते.

दुसरी खूण हातापायांची, आणि तिचा अर्थ लावताना सर्वांत जास्त अन्याय होतो. झगा बदलताना आई हात छातीशी घट्ट धरते, सोडवायला गेले की आणखी आवळते. घरात शब्द उमटतो: हट्टीपणा. ज्या आजारात माणसाला हट्ट धरण्याइतका हेतू मनात ठेवता येत नाही, त्या आजारात हा आरोप करणे क्रूरपणाचे आहे. मेंदूचा पुढचा भाग निकामी होत गेला, की स्नायू बाहेरच्या हालचालीला आपोआप विरोध करतात; जितक्या घाईने ओढावे तितका विरोध वाढतो, सावकाश हलवले तर कमी होतो. हे कळलेली व्यक्ती आधी अंग कोमट पाण्याने शेकते, मग बाही चढवते. ज्याला हे कळलेले नसते तो ओढतो. दिवसेंदिवस आखडलेल्या सांध्यांत मग गुडघे वाकलेलेच राहतात, मिटलेल्या मुठीत नखे तळव्यात रुततात. त्वचेबाबतही असेच. पुस्तकांत जखमेची पहिली खूण लालसर डाग अशी दिलेली असते, पण ती वर्णने गोऱ्या कातडीची आहेत. आपल्या सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. माकडहाड, खुबा, टाच इथे बोटांनी चाचपावे. आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिचपिचीत लागले, रंग जांभळट झाला, तर आतली कातडी मरू लागली आहे असे समजावे. तिथे तेल चोळू नये, आणि एअर बेड आणला म्हणून कूस बदलायचे थांबवू नये.

वेदनेविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. ‘त्यांना आता काही कळत नाही’ असे म्हणणाऱ्यांना बहुधा असे सुचवायचे असते, की वेदनाही कळत नाही. हे धडधडीत खोटे आहे. सांगण्याची शक्ती जाते, दुखणे राहते. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांची तुलना केली होती. शुद्धीत बोलणाऱ्या वृद्धांना जेवढे मॉर्फिनवर्गीय वेदनाशामक मिळाले, त्याच्या एक तृतीयांश प्रगत डिमेन्शियाच्या रुग्णांना मिळाले. हाड तेच, शस्त्रक्रिया तीच. फरक एवढाच, की यांना मागता आले नाही. नॉर्वेत बेटिना हुसेबो यांच्या चमूने १८ शुश्रूषागृहांतल्या ३५२ अस्वस्थ, आरडाओरडा करणाऱ्या डिमेन्शियाग्रस्तांपैकी निम्म्यांना आठ आठवडे पायरीपायरीने वेदनेवरचे उपचार दिले, बहुतेकांना तर निव्वळ पॅरासिटामॉल. त्यांची अस्वस्थता १७ टक्क्यांनी घटली. म्हणजे ज्याला आपण वेडाचा झटका म्हणून झोपेच्या गोळीने दाबतो, त्यातला काही भाग दुखणाऱ्या दाढेचा, तुंबलेल्या पोटाचा, आखडलेल्या खांद्याचा असतो. वेदना ओळखण्यासाठी शब्द लागत नाहीत. श्वास कसा चालला आहे, कण्हणे आहे का, कपाळावर आठ्या आहेत का, मुठी आवळल्या आहेत का, आणि जवळ घेतल्यावर, हात धरल्यावर शांत होतात का, एवढ्या पाच गोष्टींवर दहापैकी गुण देणारी एक सोपी पद्धत २००३ पासून उपलब्ध आहे. ती वापरायला पदवी लागत नाही.

आता कळीचा मुद्दा. शरीराचा ऱ्हास ओळखणे म्हणजे प्रत्येक बिघाडाला ‘आजारच तो’ म्हणून हात झटकणे नव्हे. उलट हळू होणारा बदल आणि अचानक झालेला बदल यांतला फरक ओळखणे, हे त्यातले खरे कौशल्य आहे. महिन्यांमागून महिने बोलणे कमी होत जाणे हा आजाराचा चढता क्रम आहे. परवापर्यंत नाव घेतल्यावर वळून पाहणारे वडील आज दुपारी डोळेच उघडत नाहीत, हा त्या क्रमाचा भाग नाही. त्यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग, न्यूमोनिया, शरीरातले पाणी कमी होणे, नवी सुरू झालेली गोळी किंवा आठवडाभराचा बद्धकोष्ठ असू शकतो, आणि यांतले बरेच काही बरे होते. म्हाताऱ्या शरीरात ताप चढेलच असे नाही. पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. ते पंचविसाच्या वर गेले असतील, तर ताप नसला तरी फुप्फुसाचा संशय घ्यावा. पातळ शौच होते आहे म्हणून जुलाबाचे औषध देण्याआधी, आत घट्ट मळ अडकून त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आहे का, हे तपासून घ्यावे. ‘वयच झालं’ म्हणणाऱ्या घरात हे सगळे सुटते. आधीची पातळी ठाऊक असल्याशिवाय घसरण कळत नाही, म्हणून रोजची पातळी ठाऊक असणे हाच उपचाराचा पाया आहे.

सर्वांत जोरकस आक्षेप भावनेचा आहे. ‘आई चालली आहे असे म्हणणे म्हणजे हार मानणे, मूल म्हणून आम्ही शेवटपर्यंत लढणार.’ या आक्षेपामागची माया मला खरी वाटते, पण लढाई कोणाच्या अंगावर चालते ते पाहायला हवे. मिचेल यांच्या त्याच अभ्यासात मृत्यू पावलेल्या रुग्णांपैकी ४०.७ टक्क्यांना शेवटच्या तीन महिन्यांत रुग्णालयात हलवणे, तातडीच्या विभागात नेणे, शिरेतून औषधे किंवा नळीने अन्न देणे यांपैकी काही ना काही सोसावे लागले. ज्या नातेवाइकांना आजाराचा शेवट आणि वाटेत येणाऱ्या अडचणी ठाऊक होत्या, त्यांच्या माणसांवर असे प्रसंग फारच कमी वेळा आले. म्हणजे कळण्याने काळजी कमी झाली नाही, त्रास कमी झाला. ज्याला आपण कुठे आहोत हेच कळत नाही, त्याला अतिदक्षता विभागात अनोळखी चेहऱ्यांच्या गराड्यात, हात पलंगाला बांधून ठेवणे, ही शिक्षा त्याला कारणही न समजता भोगावी लागते. मुलांनी लढावे, पण दुखण्याशी, जखमेशी, कोरड्या पडलेल्या ओठांशी लढावे.

याला लागूनच प्रश्न येतो अन्नाचा, आणि आपल्या संस्कारांत तो सर्वांत अवघड आहे. अन्नाला आपण पूर्णब्रह्म म्हणतो. आईला उपाशी मारले, हा ठपका कोण घेईल? म्हणून नाकातून नळी घातली जाते आणि शेजारपाजार निवांत होतो. इथे कारण आणि परिणाम यांची उलटापालट झालेली असते. खाणे सुटले म्हणून शरीर मिटत नाही. शरीर मिटत आले आहे म्हणून खाणे सुटते. आपल्या जुन्या पिढ्यांना हे ठाऊक होते. अन्न तुटले असे कळले, की ती लेकींना निरोप धाडत असे. प्रगत डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो, याला पुरावा मिळालेला नाही. लाळ आणि पोटातून वर येणारे अन्न नळी असतानाही फुप्फुसात जातच राहते. नळी उपसून काढू नये म्हणून हात बांधावे लागतात, अस्वस्थता वाढते. याच कारणांनी अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीने नळीऐवजी हाताने सावकाश भरवण्याची शिफारस केली आहे. पक्षाघाताने काही आठवड्यांपुरते गिळणे बंद पडले असेल, तर नळीचा उपयोग आहे. ती गोष्ट वेगळी. इथे मात्र सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, चमच्याच्या टोकावर मऊ खिमटी किंवा नाचणीची आंबील द्यावी, आधीचा घास उतरल्याशिवाय पुढचा देऊ नये, आणि तोंड फिरवले की थांबावे. चार चमचेच गेले, तर चार चमचेच. त्याला उपासमार म्हणणाऱ्यांनी त्या चार चमच्यांसाठी लागणारा पाऊण तास शेजारी बसून पाहावा.

तिसरा आक्षेप शास्त्रीय आहे आणि त्यातले तथ्य मी नाकारत नाही. किती दिवस उरले आहेत, हे या आजारात कुणाला सांगता येत नाही. कर्करोगापेक्षाही हा अंदाज अधिक चुकतो. न्यूमोनियातून उठून माणूस वर्षभर काढतो, तर दुसरा शांत दिसत असतानाच जातो. पण तारीख न कळणे आणि दिशा न कळणे यांत फरक आहे. कुटुंबाला तारीख लागत नाही. पुढचा ताप आला तर रुग्णालयात न्यायचे की घरी ठेवून श्वास सुकर करायचा, हे ताप येण्याआधी ठरवायला दिशा पुरेशी आहे. रात्री दोन वाजता, रुग्णवाहिकेचा चालक दारात उभा असताना, चार भावंडांनी घ्यायचा हा निर्णय नाही.

‘हे डॉक्टरांचे काम, आमचे नाही’ असे म्हणणारेही आहेत. डॉक्टर महिन्यातून दहा मिनिटे पाहतात, तेही पांघरूण न काढता. खरे पाहणारी व्यक्ती वेगळीच असते: सून, लेक, किंवा ब्युरोकडून आलेली मावशी, जी रोज अंग पुसते आणि जिला टाचेवरचा जांभळा डाग सर्वांच्या आधी दिसतो. तिला मात्र कुणी विचारत नाही. निर्णय घेणारा मुलगा न्यू जर्सीत किंवा बंगळुरात असतो; व्हिडिओ कॉलवर त्याला आईचा धुतलेला, पावडर लावलेला चेहरा दिसतो आणि तो म्हणतो, ‘छान दिसतेय की.’ पडद्यावर टाच दिसत नाही, आणि ओलसर आवाजाचा घोगरेपणाही ऐकू येत नाही. दूर राहणाऱ्यांनी चेहरा पाहून समाधान मानू नये. मावशींना फोन द्यायला सांगून या आठवड्यात किती चमचे गेले, कूस किती वेळा बदलली, कुठे चाचपल्यावर कण्हतात, हे विचारावे. सेवेचा सगळा भार बायकांवर टाकायचा आणि त्यांना हाताने कळलेले ज्ञान निर्णयाच्या वेळी मोजायचेच नाही, हा आपल्या घरांतला जुना अन्याय इथेही चालूच आहे.

हे सगळे ठरवण्याची वेळ फार आधी येते. सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात मान्य केला. त्याआधी २०११ मध्ये मुंबईच्या अरुणा शानबाग यांच्या खटल्याने हा प्रश्न देशापुढे आणला होता. शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्राच्या, प्रक्रियेत २०२३ मध्ये सुलभता आली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येते. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका विद्यमान न्यायमूर्तींनीच आपले इच्छापत्र नोंदवले. पण इच्छापत्र करायला शाबूत आकलन लागते, आणि डिमेन्शियात ते निदानानंतर थोडाच काळ टिकते. तेव्हाच ‘बाकी तब्येत उत्तम’ म्हणून विषय टाळला, तर जिच्या शरीराचा प्रश्न आहे तिचे मत कायमचे हुकते. निदान सांगणाऱ्या डॉक्टरांनी त्याच महिन्यात हा आजार शेवटी शरीर घेऊन जातो असे स्पष्ट सांगावे, आणि नळी, व्हेंटिलेटर, रुग्णालय यांविषयी रुग्णालाच विचारावे. वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून चालते. दोन्ही संस्था कर्करुग्णांसाठी उभ्या राहिल्या, कारण कर्करोग मारतो हे सर्वांना मान्य होते. डिमेन्शियाबाबत तेवढी मान्यता मिळाली, तर घरी येऊन जखम बांधणारी, वेदनेचे औषध ठरवून देणारी आणि रात्री दोनला फोन उचलणारी पथके या रुग्णांसाठीही मागता येतील. आज ती मागणीच कुणी करत नाही.